सरांना आणखी दोन हंगाम द्यावेत, असे मला का वाटते

आमच्या महाविद्यालयाच्या जिमखाना समितीने गेल्या आठवड्यात आम्हा दहा-बारा माजी फुटबॉलपटूंना एक पत्र पाठवले. मजकूर चार ओळींचा आहे. फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांचा अकरा महिन्यांचा करार मे अखेरीस संपत आहे, संघाची कामगिरी गेली चार वर्षे समाधानकारक नाही, तरी कराराचे नूतनीकरण करावे की नवे प्रशिक्षक नेमावेत याविषयी आपले मत लेखी कळवावे, असे त्यात म्हटले आहे. समितीने माजी खेळाडूंना विचारावे ही चांगली गोष्ट आहे. आमच्या काळात असे निर्णय कार्यालयातल्या एका टेबलावर होत आणि मैदानावर ते सुट्टी संपल्यानंतरच कळत. उत्तर अर्ध्या पानात देता आले असते. परंतु लिहायला बसल्यावर लक्षात आले की माझे सप्टेंबरमधले मत आता उरलेले नाही, आणि ते का बदलले हे सविस्तर मांडल्याशिवाय मला समाधान वाटणार नाही.

सप्टेंबरमध्ये झोनलचा, म्हणजे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन विभागीय स्पर्धेचा, सामना पाहून घरी परतताना मी सोबतच्या मित्राला स्पष्टपणे म्हणालो होतो, की या सरांना आता बदलायलाच हवे. पहिल्याच फेरीत आपल्या संघाने चार गोल खाल्ले आणि एकही केला नाही. मी स्वतः तीन वर्षे या महाविद्यालयाचा गोली होतो, त्यामुळे माझे लक्ष सवयीने गोलपोस्टकडेच असते. चारांपैकी दोन गोल कॉर्नरवरून झाले. दोन्ही वेळा चेंडू दूरच्या खांबाकडे गेला, दोन्ही वेळा तिथे समोरच्या संघाचा खेळाडू एकटा उभा होता, आणि दोन्ही वेळा आपला गोली रेषेवर खिळून राहिला. आदल्या वर्षीही अगदी असाच गोल मी पाहिला होता. एका सामन्यात चूक झाली तर ती मुलाची म्हणता येईल; तीच चूक दोन हंगाम टिकली तर तिचे उत्तर प्रशिक्षकाने द्यायला हवे, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

सरांच्या कामातले दोष मी लपवणार नाही. चार हंगामांत झोनलमध्ये संघाची मजल कधीच फार दूर गेलेली नाही. संघ जुलैमध्ये एकदा ठरला की सर तो सहसा बदलत नाहीत, त्यामुळे प्रथम वर्षाची मुले महिनोन्महिने बाहेर बसून चेंडू गोळा करतात आणि त्यांतली निम्मी दिवाळीपर्यंत यायची बंद होतात. गोलीसाठी वेगळा सराव नाही. मध्यंतरात सर फार बोलतात. दमलेल्या मुलाला त्या वेळी एक गोष्ट सांगितली तर ती कळते, आठ सांगितल्या तर एकही कळत नाही. हे सारे मी पत्रात लिहिले आहे, आणि समितीकडे पाठवण्याआधी सरांनाही वाचून दाखवले आहे.

मग मत बदलले कशामुळे? दिवाळीनंतर मी संध्याकाळी मैदानावर जाऊ लागलो, कारण घर जवळ आहे आणि पाऊस संपल्यानंतरचे ते दोन महिने साताऱ्यात बाहेर पडावेसे वाटणारे असतात. झोनल संपली की बहुतेक महाविद्यालयांचे फुटबॉल संघ मैदानावरून नाहीसे होतात. चेंडू आणि जाळी जिमखान्याच्या खोलीत जाते ती जूनमध्येच बाहेर येते. आमच्याकडे मात्र सर रोज साडेपाचला येत होते. पुढे स्पर्धा नव्हती, मानधनात एका रुपयाचीही वाढ नव्हती, पाहायला कोणी नव्हते, आणि तरी पंधरा-सोळा मुले जिमखान्याच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारून तो परत आल्यावर एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पायाने थांबवत होती. पहिले काही दिवस मला ते पाहून वाईट वाटले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना चेंडू थांबवायला शिकवावे लागते आहे, असे वाटले. नंतर विचार केला तेव्हा समजले की सरांपुढचा खरा प्रश्न नेमका हाच आहे आणि त्याला ते भिडलेले आहेत.

शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात, आणि झोनल पार करून इंटरझोनलला गेलेल्या संघाची गाठ शेवटी कोल्हापूरच्या मुलांशी पडते. कोल्हापुरात फुटबॉल ही पेठांची गोष्ट आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही फुटबॉल संघांची नावे तिथल्या मुलाला शाळेतल्या पाढ्यांइतकी पाठ असतात. घरातला मोठा भाऊ, काका, शेजारचा कोणीतरी एखाद्या तालमीकडून खेळलेला असतो, शाहू स्टेडियमवर सामना असला की गल्ली ओस पडते, आणि सात-आठ वर्षांचा मुलगा चेंडू कुठल्या पायाने थांबवायचा हे कोणी न शिकवता शिकतो. असा मुलगा महाविद्यालयात येतो तेव्हा त्याच्या पायात दहा वर्षांचा खेळ असतो. त्याच्या महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाने फक्त अकरा जणांची मोट बांधायची असते.

आपल्याकडे काय आहे ते पाहावे. फुटबॉलची परंपरा सातारा जिल्ह्यात नाही असे नाही. १९६१ मध्ये सुरू झालेल्या सैनिक स्कूलच्या मैदानावर आणि पाचगणीच्या निवासी शाळांमध्ये चांगला फुटबॉल खेळला जातो. परंतु ती मुले बहुधा पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा मोठ्या शहरांत जातात. आमच्या महाविद्यालयात ती येत नाहीत. आमच्याकडे येतात जावळी, कोरेगाव, खटाव, माण या तालुक्यांतली मुले. ती कबड्डी खेळलेली असतात, खो-खो खेळलेली असतात, डोंगर चढून शाळेत गेलेली असतात. माणमधल्या मोहीसारख्या गावातून ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत धावत गेली, त्यावरून या मातीतल्या दमाची कल्पना यावी. सरांना धावणारी मुले भरपूर मिळतात. चेंडू पायाशी ठेवणारी मिळत नाहीत, आणि ती तीन वर्षांत घडवायची असतात.

त्या तीन वर्षांतलीही सगळी सरांच्या वाट्याला येत नाहीत. संध्याकाळी मैदानावर गेलेल्या कोणालाही दिसेल, की फुटबॉलच्या सरावाभोवती कडेने पन्नास-साठ मुले सोळाशे मीटरच्या फेऱ्या मारत असतात. पोलीस भरती, सैन्य भरती. ज्या जिल्ह्यात एका गावाची ओळखच 'मिलिटरी अपशिंगे' अशी आहे, तिथे हे स्वाभाविक आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. गेल्या हंगामात संघाचा सर्वांत वेगवान मुलगा, उजवीकडून धावणारा, ऑगस्टमध्ये संघ सोडून त्या फेऱ्या मारणाऱ्यांत गेला. घरी दोन बहिणी आहेत, वडिलांची शेती कोरडवाहू आहे. त्याला थांबवायचा अधिकार कोणालाच नव्हता. सरांनी त्याला थांबवले नाही. उलट त्याच्या धावण्याची वेळ ते घड्याळ लावून घेऊ लागले. हे पराभवाच्या नोंदीत कुठेही दिसत नाही.

एक गोष्ट मी जुन्या वहीतून स्वतः तपासली. चार वर्षांपूर्वी सर आले त्या वर्षी संघाने पहिल्या सामन्यात नऊ गोल खाल्ले होते. त्यानंतर सहा, मग पाच, आणि या वर्षी चार. हे आकडे कोणापुढे मिरवावेत असे नाहीत, आणि एकेका सामन्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हेही मला कळते. तरीही खेळाडू दरवर्षी बदलत असताना उतार एकाच दिशेने असेल, तर त्यामागे काहीतरी काम झालेले असते.

माझा भाचा अमेरिकेत व्हर्जिनियात शिकायला आहे. त्याला मी ही सगळी हकीकत फोनवर सांगितली, तेव्हा त्याने त्याच्याच विद्यापीठातली एक कथा सांगितली, आणि मी ती नंतर नीट वाचून काढली. तिकडचा फुटबॉल वेगळा, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा; पण महाविद्यालयीन संघ हरू लागला की प्रशिक्षकाला ठेवायचे की काढायचे हा वाद तिथे दर शरद ऋतूत होतो, आणि त्यामागे अफाट पैसा असतो. टेक्सस ए अँड एम या विद्यापीठाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जिंबो फिशर या प्रशिक्षकाला मुदतीआधी काढले, तेव्हा कराराप्रमाणे त्याला द्यायची रक्कम सुमारे साडेसात कोटी डॉलर होती, म्हणजे सहाशे कोटी रुपयांच्या वर. भाच्याच्या व्हर्जिनिया टेकची कथा याच्या अगदी उलट आहे. फ्रँक बीमर हे त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू १९८७ मध्ये तिथे प्रशिक्षक झाले. पहिल्या वर्षी अकरापैकी दोन सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी तीन. सहाव्या वर्षी, १९९२ मध्ये, पुन्हा दोनच विजय आले, आठ पराभव आणि एक बरोबरी. सहा वर्षांनंतर चोवीस विजय आणि चाळीस पराभव नावावर असलेला माणूस तिथे टिकतो ही सामान्य गोष्ट नव्हे. विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनी त्यांना ठेवले; मात्र त्यांच्या हाताखालच्या प्रशिक्षकांच्या चमूत बदल झाले. १९९३ पासून २०१५ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांचा संघ सलग तेवीस वर्षे हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यांसाठी पात्र ठरला, आणि १९९९ च्या हंगामात तर राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीपर्यंत पोहोचला.

या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग विजयांचा नाही, हाताखालच्या माणसांच्या बदलाचा आहे. बीमरना जसेच्या तसे ठेवले नाही. काय चुकते आहे ते पाहिले, ते बदलले, आणि मग वेळ दिला. आमच्या सरांच्या हाताखाली बदलायलाही कोणी नाही. सराव तेच घेतात, पट्ट्याही तेच बांधतात, प्रवासाची पत्रे तेच टाइप करतात, आणि मिळणाऱ्या मानधनात भागत नाही म्हणून सकाळी एका शाळेत खेळाचे तास घेतात.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आहे आणि ते सातारकराने विसरू नये. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. त्याच हेलसिंकीत, खाशाबांच्या पदकाच्या आठवडाभर आधी, भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून एकविरुद्ध दहा गोलांनी हरला होता. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते, मूळचे शाळामास्तर. दहा गोलांचा पराभव हा कोणाही प्रशिक्षकाचे नाव कायमचे पुसून टाकायला पुरेसा असतो. परंतु १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी संघ पुन्हा रहीम यांच्याच हाती होता. त्या वेळी उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला आणि भारत एकविरुद्ध चार असा हरला. पराभवच तो, पण दहाचे चार झाले होते, आणि भारत चौथा आला होता. १९६२ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीम यांचा संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून दोन गोलांनी हरला. अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया आली, तेव्हा त्यांनी जखमी बचावपटू जर्नैलसिंग यांना पुढे आक्रमणात खेळवले. जर्नैलसिंग यांनी गोल केला आणि भारताने दोनविरुद्ध एक असे सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी रहीम कर्करोगाने गेले.

आमच्या सरांची रहीम साहेबांशी बरोबरी करण्याचा विचारही माझ्या मनात नाही. मी फक्त एवढेच पाहतो आहे, की रहीम यांनी प्रत्येक पराभवातून काहीतरी बदलले आणि बदलायला त्यांना पुढचा सामना मिळाला.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मी सरांची वकिली करतो आहे. म्हणून या बाजूची सगळ्यात अवघड गोष्ट सांगतो, आणि हे पत्र लिहायला मला आठ दिवस लागले ते तिच्यामुळेच. या वर्षीचा कर्णधार तृतीय वर्षात आहे. मी त्याला विचारले, तुझे मत काय? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर चांगलेच आहेत हो, पण माझी तीन वर्षं तर संपली." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. धीर धरा असे आपण समितीला सांगतो, तेव्हा तो धीर आपल्या खिशातून जात नाही. तो त्या मुलाच्या तीन वर्षांतून जातो. आणि खेळ हा त्याच्यासाठी निव्वळ हौशीचा नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि त्याचा दरवाजा वरच्या स्तरावरच्या पदकानेच उघडतो. विद्यापीठाचा कलर मिळाला, म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर निदान पुढच्या स्पर्धांचा रस्ता दिसतो. पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघातला मुलगा कितीही चांगला असला तरी निवड समितीच्या नजरेस पडण्यापूर्वीच त्याचा हंगाम संपलेला असतो. कर्णधाराच्या बाबतीत हेच तीन वेळा झाले. सरांना ठेवावे असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्या मुलासमोर उभे राहून ते म्हणता आले पाहिजे.

मी त्याच्यासमोर ते म्हटले, आणि त्याचे एक कारण अगदी व्यवहाराचे आहे. सरांना मेमध्ये निरोप दिला तर नव्या जागेची जाहिरात जूनमध्ये निघेल, मुलाखती जुलैत होतील, संस्थेची मान्यता यायला ऑगस्ट उजाडेल, आणि झोनल तर पावसाळा सरता सरताच असते. नव्या माणसाला मुलांची नावे पाठ व्हायलाही पुरतील एवढेच आठवडे मिळतील. कंत्राटी जागा, तुटपुंजे मानधन आणि हरणारा संघ हे पाहून अर्ज करणारा माणूस कसा असेल आणि वर्षभराने तो टिकेल का, हेही पाहायला हवे. म्हणजे पुढच्या वर्षीच्या तृतीय वर्षाच्या मुलांसाठी बदल हा उपाय ठरत नाही. त्यांना लवकर काही मिळायचे असेल तर ते असलेल्या सरांच्या कामातले दोष दूर करूनच मिळू शकते.

म्हणून मी समितीला लिहिले आहे की करार अकरा महिन्यांऐवजी सलग दोन हंगामांचा करावा, कारण दर मे महिन्यात नोकरीची टांगती तलवार असलेला माणूस प्रथम वर्षाच्या मुलावर हंगाम लावत नाही. तो तयार तृतीय वर्षालाच खेळवतो, आणि सर आजवर तेच करत आले आहेत. त्यांचा हा दोष पुष्कळसा आपल्या कराराने घडवलेला आहे, असे मला वाटते. सोबत हेही लिहिले आहे, की प्रत्येक सामन्यात निदान तीन मुले प्रथम वर्षाची मैदानावर असावीत, जून-जुलैत कोल्हापूर आणि मिरजेच्या संघांशी सरावाचे सामने ठरवून त्याचा एसटीचा खर्च आम्ही माजी खेळाडूंनी उचलावा, आणि गोली व कॉर्नरचा सराव आठवड्यातून दोन दिवस स्वतंत्रपणे व्हावा. दोन हंगामांनंतर संघ जिंकला की हरला एवढेच पाहू नये; प्रथम वर्षात आलेली किती मुले टिकली आणि कॉर्नरवरून आपण किती गोल खाल्ले, तेही पाहावे. तेव्हाही दूरच्या खांबापाशी समोरचा खेळाडू एकटाच उभा दिसला, तर सरांना बदलावे या पत्रावर पहिली सही मी करीन, असे शेवटी लिहिले आहे.

पत्र देण्याच्या आदल्या संध्याकाळी मी ते सरांना मैदानाच्या कट्ट्यावर बसून पूर्ण वाचून दाखवले. दोषांचा परिच्छेद चालू असताना त्यांनी मान वर केली नाही. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मध्यंतरात मी जास्त बोलतो, हे खरं आहे दादा. भीती वाटते म्हणून बोलतो." मग बराच वेळ अजिंक्यताऱ्याकडे पाहत बसले. उठताना त्यांनी एकच विचारले, की गोलीचा सराव आठवड्यातून दोन दिवस म्हणता, तो घ्यायला येणार कोण?

मी पत्रात तसे काही लिहिले नव्हते. तिथेच पेन मागून घेतले आणि शेवटच्या ओळीखाली माझे नाव घातले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात पत्रावर आवकचा शिक्का पडला. सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी साडेपाच, असे ठरले आहे.